नास्तिक बाईचा शब्द

माझं नाव गौरी आणि मी देव मानत नाही. दोहातल्या आमच्या मराठी मंडळींनी या दोन गोष्टींची सांगड घालून अकरा वर्षं माझी यथेच्छ थट्टा केली आहे. थट्टेत पुढाकार लतावहिनींचा, आणि त्यांच्या थट्टेत मायाच जास्त असायची, म्हणून मीही ती मजेत ऐकून घ्यायचे. त्यांच्या गणपतीला पाचही दिवस मी हजर असायचे. मोदकाच्या कळ्या मला छान पडतात, त्यामुळे उकडीचं काम माझ्याकडे. आरतीला टाळ वाजवायचे, प्रसाद मागून घ्यायचे, फक्त हात जोडायचे नाही. जोड, असं कोणी कधी म्हटलं नाही.

फरीज बिन ओमरानमध्ये आमची इमारत आहे. आम्ही चौथ्या मजल्यावर, लतावहिनी आणि अरुणदादा सहाव्या. माझा नवरा यशोधन गॅस कंपनीत, अरुणदादा एका बांधकाम कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. नुपूर चार वर्षांची असताना मला टायफॉइड झाला, तेव्हा लतावहिनी तिला उचलून वर घेऊन गेल्या आणि मी उभी राहीपर्यंत त्यांनी तिचं सगळं केलं. नुपूर आता पंधराची आहे, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते, पण सहाव्या मजल्यावर गेली की ‘आजी, भूक लागली’ एवढं मात्र अगदी शुद्ध मराठीत म्हणते. हे घर माझ्या हातून सुटलं असतं तर मला या वाळवंटात दुसरं नव्हतं. म्हणून पुढची गोष्ट माझ्या जिवाला लागली.

गणपतीला दोन आठवडे असताना इमारतीचा सुपरवायझर रहमान लतावहिनींकडे आला. माणूस सज्जन. दारातच उभा राहून म्हणाला, मॅडम, कंप्लेंट आली आहे. दरवर्षी तुमच्याकडे पन्नास-साठ माणसं येतात, चपला फायर डोअरपुढे, लिफ्ट अडकलेली. मॅनेजमेंट म्हणतं, यंदा गर्दी नको. घरात पूजा करा, त्याला कोणाची ना नाही. चार-पाच कुटुंबं बोलवा. पंगती नकोत.

पंगती नकोत, इथेच खरी अडचण होती. लतावहिनींचा मुलगा कुशल इथेच जन्मला, सातव्या महिन्यात, मुठीएवढा. तेव्हा त्यांनी नवस बोलला होता की दोहात आहे तोवर पाच दिवसांचा गणपती आणीन आणि दारी आलेला एकही माणूस जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही. कुशल आता पुण्यात सहा फुटी इंजिनियर झाला आहे, पण नवस काही संपला नाही. रहमान गेल्यावर लतावहिनी देवघरात जाऊन बसल्या. डोळे पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी ग्रुपवर सगळ्यांना न येण्याचा निरोप टाकला.

त्या शुक्रवारी सकाळी अरुणदादा मला घेऊन उम्म सलाल मोहम्मदला गेले. तिथे एका शेतावर दूर्वा मिळतात आणि केळीची पानंही. दरवर्षी लतावहिनी जातात, यंदा त्यांचं मन नव्हतं. पानांची मोठी ऑर्डर रद्द करायची आणि दूर्वा बघून यायच्या, एवढंच काम. शेतावरच्या माणसाने पानं रद्द म्हटल्यावर ‘खलास?’ असं दोनदा विचारलं. दादा हो म्हणाले आणि गाडीत येऊन बसले. इंजिन चालू केलं, एसी लावला, पण गाडी हलवेनात.

"गौरी, आधी शब्द दे. कोणाला सांगणार नाहीस. यशोधनलाही नाही."

मला वाटलं नोकरीचं काहीतरी असेल. या वयात इथे लोकांना अचानक घरी पाठवतात. मी शब्द दिला.

"रहमानकडे तक्रार मीच केली," ते म्हणाले.

मग बांध फुटल्यासारखे बोलत सुटले. मागच्या वर्षी लतावहिनींच्या हृदयात दोन स्टेंट घातले, हे मला माहीत होतं. यंदा उन्हाळ्यात त्या दोनदा चक्कर येऊन पडल्या, हे माहीत नव्हतं. डॉक्टर ओरडले, कुशल फोनवर रडला, पण बाई ऐकेनात. साठ माणसांचा स्वयंपाक पाच दिवस, आणि मदतीला कोणी गेलं तर ‘नवस माझा आहे’ म्हणून हाकलून देणार. दादांना त्यांना थांबवण्याचं धैर्य नव्हतं आणि वाटही सापडत नव्हती.

"मी थांबवलं तर नवस मी मोडला," दादा म्हणाले. "ती थांबली तर तिने मोडला. बिल्डिंगने थांबवलं तर कोणीच नाही मोडला. वरून हुकूम आला की देव समजून घेतो."

मला हसू आलं. मी इथल्या एका विद्यापीठात पाश्चात्त्य राजकीय विचार शिकवते, आणि माझा विषयच हा, की युरोपात धर्म आणि तत्त्वज्ञान या दोन जावा राज्याच्या एकाच ओट्यावर कशा नांदल्या आणि कशा भांडल्या. मी दादांना म्हटलं, पावणेचारशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये यादवी चालू असताना एका माणसाने जवळजवळ हेच लिहून ठेवलंय. राजाने आज्ञा केली की बाहेरच्या कृतीचा जाब राजाने द्यायचा, प्रजेने नाही. मनात काय आहे ते देव बघतोच. दादांना एवढा आधार पुरला. मग बरोबर आहे ना माझं, असं त्यांनी आशेने विचारलं. मी म्हटलं, त्या माणसाला लोक अजून शिव्या देतात.

मग मला राग आला आणि तो मी लपवला नाही. हे ओझं माझ्या डोक्यावर कशाला, असं मी स्पष्ट विचारलं. दादा रस्त्याकडे बघत म्हणाले, कोणाला तरी सांगायचं होतं. देवाला सांगता येत नव्हतं. आम्ही दूर्वांची जुडी घेऊन घरी आलो.

एवढ्यावर भागलं असतं. पण रहमानने लिफ्टमध्ये कोणाला तरी सहज सांगितलं की तक्रार ‘आप लोगों में से ही किसी ने’ केली. नाव सांगायला तो तयार नव्हता आणि त्याचं ते बरोबरच होतं. ही बातमी तिसऱ्या मजल्यावरच्या आसावरीपर्यंत पोचली आणि तिथून घरोघरी. आपल्यातलं कोण करेल असं? उत्तर शोधायला कोणाला दूर जावं लागलं नाही. मागच्या गणपतीत चपलांचा ढीग मीच सरकवला होता. फायर डोअर अडवता, आग लागली तर मोदक घेऊन पळणार का, असं मीच सगळ्यांना झापलं होतं, आणि एकदा मॅनेजमेंटलाच सांगायला हवं असंही म्हटलं होतं. भर पंगतीत, मोठ्याने, साक्षीदार तीस. शिवाय मी नास्तिक.

आसावरी मनाने वाईट नाही. तिला फक्त कुठलीही गोष्ट अर्धवट राहिलेली सहन होत नाही. तिने मला फोन करून सरळच विचारलं. मी म्हटलं, मी तक्रार केलेली नाही. ती ‘बरं’ म्हणाली, पण तो ‘बरं’ असा होता की फोन ठेवल्यावर मी तो दिवसभर मनात घोळवत बसले. ग्रुपवर मी काही लिहिलं की त्याखाली कोणी काही लिहिनासं झालं. नुपूर वर जाऊन आली आणि गप्प बसली. आजी नीट बोलली नाही का, असं विचारलं तर म्हणाली, "शी वॉज नाइस. टू नाइस."

मग एका संध्याकाळी लतावहिनी स्वतः खाली आल्या. मी चहा टाकला. त्यांनी तो प्यायला नाही, कप हातात धरून ठेवला. त्यांचं म्हणणं साधं होतं. त्यांचा माझ्यावर संशय नाही, पण लोकांचा आहे, आणि ही कुजबूज त्यांना घरात नको. चतुर्थीला मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झाली की आरतीआधी बाप्पाच्या पायांवर हात ठेवून मी एकदा म्हणावं, मी हे केलं नाही. मग कोणी ब्र काढला तर त्या बघून घेतील.

"वहिनी, मी केलं नाही. हे मी आत्ता सांगतेय."

"मला माहीत आहे गं. तेच तिथे सांग."

"पायांवर हात ठेवून मी सांगितलं तर तुम्हाला वाटेल, ही देवाला घाबरून खरं बोलली. मी घाबरत नाही. म्हणजे खरी गोष्ट पटवायला मी तुम्हाला फसवलं असं होईल. ते मी करणार नाही."

लतावहिनींनी कप खाली ठेवला आणि त्या म्हणाल्या, तुझी बुद्धी मला कधी कळली नाही, पण तू माझ्यासाठी एवढंही करणार नसशील असं वाटलं नव्हतं. त्या गेल्या आणि मी ओट्याशी उभी राहून रडले. रडू आलं म्हणून मत बदलत नाही, हा माझा स्वभाव आहे आणि त्याबद्दल माझी आईही मला लहानपणी बोलत असे.

यशोधनला हे ऐकून डोकंच धरावंसं वाटलं. तो सेफ्टीचा माणूस, त्याला तंटा कमीत कमी वेळात मिटवायचा असतो. खरंच बोलणार आहेस ना, मग हात ठेवायला तुझं काय जातं, हा त्याचा मुद्दा. मग त्याने तोडगा काढला. प्राणप्रतिष्ठेच्या आधी हात ठेव, तेव्हा ती नुसती शाडूची मूर्ती असते, तुलाही चालेल आणि त्यांनाही. मी म्हटलं, वकील का नाही झालास? नुपूर सोफ्यावरून म्हणाली, "इट्स जस्ट अ हँड, आई." तिला आजी परत हवी होती. मला तिचं वाईट वाटत होतं, पण मी तिला हेही सांगू शकत नव्हते की यात फक्त माझा हात गुंतलेला नाही.

कारण दुसरी बाजू मी कोणालाच सांगितली नव्हती. मी हात ठेवला की संशय माझ्यावरून उठून पुढे सरकणार होता. आसावरीने आधीच म्हणून ठेवलं होतं की गौरीने केलं तर आपण सगळेच करू, दूध का दूध. आणि त्या सगळ्यांत अरुणदादा होते.

त्याच आठवड्यात वर्गात नेमका शपथेचा विषय आला. ठरवून नाही, अभ्यासक्रमात तो तिथेच होता. विद्यार्थ्यांना नेहमी वाटतं की युरोपात तत्त्वज्ञान आलं आणि धर्म मागच्या दाराने निघून गेला. तसं झालेलं नाही. राज्याने माणसाच्या देवघरात शिरू नये असं ज्यांनी निक्षून सांगितलं, ते बहुतेक भाविकच होते, आणि त्यांचं कारणही धर्मातलंच होतं. जबरदस्तीने केलेली प्रार्थना देवालाच नको असते. यांच्यातला जो सगळ्यांत उदार समजला जातो त्या इंग्रजाने सर्वांना सामावून घेतलं, पण नास्तिकांना दारातच अडवलं. का, तर नास्तिकाला शपथ बांधत नाही. वचन, करार, शपथ यांवर समाज उभा असतो, आणि देव काढून घेतला की हे सगळं ढिलं पडतं, असं त्याचं म्हणणं.

मागच्या बाकावरच्या अलिनाने हात वर केला. लाहोरची मुलगी, फार बोलत नाही, बोलली की नेमकं बोलते. तिने विचारलं, मिस, मग तो चुकला होता का? देव नसेल तर दिलेल्या शब्दाला माणूस बांधला कशाने जातो?

माझ्याकडे पुस्तकी उत्तर तयार होतं. त्याच काळात हॉलंडला पळून गेलेल्या एका फ्रेंच माणसाने लिहिलं होतं की नास्तिकांचं गावही व्यवस्थित चालेल, कारण माणूस आपल्या श्रद्धेप्रमाणे वागतच नाही, तो सवयीप्रमाणे वागतो, स्वभावाप्रमाणे आणि लोकलाजेप्रमाणे. मी ते सांगितलं. अलिनाने ते लिहून घेतलं आणि पुन्हा हात वर केला. लोकलाज उलट्या बाजूला असली तर, मिस? म्हणजे शब्द पाळल्यामुळेच नाव खराब होत असेल तर? मी म्हटलं, यावर आपण पुढच्या तासाला बोलू. एवढी वर्षं शिकवतेय, पण घड्याळाचा असा आधार मी कधी घेतला नव्हता.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी अरुणदादा मला खाली पार्किंगमध्ये भेटले. मुद्दाम थांबले असावेत. चेहरा उतरलेला होता. म्हणाले, लता म्हणते तू तयार नाहीस. मी म्हटलं, नाही. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली. तू हात ठेवलास तर मलाही ठेवावा लागेल, म्हणाले, आणि बाप्पाच्या पायांवर हात ठेवून मला खोटं बोलता येणार नाही. जीभच उचलणार नाही. म्हणजे शपथेबद्दल त्या इंग्रजाचं सगळंच चुकलेलं नव्हतं. माझ्यासमोर घामाघूम उभ्या असलेल्या या माणसाला शपथ खरोखर बांधत होती. मला त्यांची कीव आली आणि थोडा हेवाही वाटला.

"मी सांगून टाकू का तिला?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा. मी सांगणार नाही, एवढं नक्की."

ते सांगणार नाहीत हे मला तेव्हाच कळलं. सांगितलं तर लतावहिनी हट्टाने उठून पन्नास माणसांना फोन करतील, आणि त्यांचं हृदय त्या फोनांइतकं मजबूत नव्हतं. मी ठरवलं. उद्या वर जायचं, नेहमीसारखं. जे खरं आहे ते उभ्याने सांगायचं, आणि त्यानंतर मला कोणी घरात घेवो न घेवो, पाऊल मागे घ्यायचं नाही.

चतुर्थीला आम्ही पाच कुटुंबं होतो. दिवाणखाना एवढा मोकळा मी कधी पाहिला नव्हता. गुरुजी नाशिकहून व्हिडिओवर होते, दादा सोवळं नेसून पाटावर. शाडूची मूर्ती छोटी, डोळे फार सुरेख. प्राणप्रतिष्ठा झाली, दूर्वा वाहिल्या, गुरुजी आशीर्वाद देऊन बंद झाले. दादांनी आरतीचं तबक उचललं, निरांजन लावलं. तेव्हा आसावरी पुढे झाली आणि म्हणाली, वहिनी, आरतीच्या आधी ते एकदा होऊन जाऊ दे. मन स्वच्छ होईल सगळ्यांचं. लतावहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात विनंती होती आणि मला ती सहन होत नव्हती.

मी पुढे गेले. हात दोन्ही बाजूंना सोडलेले.

"मी तक्रार केलेली नाही," मी म्हटलं. "हे मी अशीच उभी राहून सांगते. माझा शब्द तुम्हाला असा पुरत नसेल, तर हात ठेवूनही तो वाढणार नाही."

आसावरीने विचारलं, मग कोणी केली ते तुला माहीत आहे का? खोटं बोलून सुटता आलं असतं. मी म्हटलं, हा प्रश्न मला विचारू नका. यातून प्रत्येकाने आपापल्या सोयीचा अर्थ काढला, आणि तो माझ्या बाजूचा नव्हता, हे चेहऱ्यांवरून दिसत होतं. नुपूर माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिने माझं बोट धरलं, लहान असताना धरायची तसं.

"ठीक आहे, मी करते," आसावरी म्हणाली. तिने वाकून मूर्तीच्या पायांना हात लावला, मी केलं नाही म्हणाली. मग तिचा नवरा चेतन. मग आमचा यशोधन, माझ्याकडे न बघता. एकेक जण पुढे येत होता, वाकत होता, मागे सरत होता. तबक धरून दादा मूर्तीच्या उजव्या हाताला उभे होते आणि रांग त्यांच्यापाशी येऊन थांबली. त्यांनी तबक खाली ठेवायला हवं होतं. ते ठेवेनात. निरांजनाची ज्योत हलत होती, आणि पंखा तर बंद होता.

लतावहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. फार तर एक श्वासभर.

"खलास," त्या म्हणाल्या. "पुरे झालं हे. गौरीने सांगितलं, मला पुरलं. आता कोणाचाही हात नको. बाप्पाला ताटकळत ठेवलंय. अहो, आरती म्हणा."

टाळ माझ्या हातात कोणी दिले ते आठवत नाही. मी वाजवले. माझ्यासाठी त्यांनी सगळ्यांचं तोंड बंद केलं, असं मला वाटलं. आरती संपेपर्यंत मी त्याच समजात होते. मंत्रपुष्पांजलीला दादांचा आवाज फुटेना, तेव्हा लतावहिनींनी स्वतः सूर धरला आणि त्यांना ओढून नेलं. मला तेव्हा कळलं, थांबवलं ते माझ्यासाठी नव्हतं.

नैवेद्याचं ताट वाढायला त्यांनी मला आत बोलावलं. स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. ओट्यावर मोदकांचा एकच लहान चाळणीभर घाणा होता. दरवर्षी तिथे परातीवर परात असायची. त्यांनी एक मोदक उचलला, कळ्या बघितल्या, परत ठेवला.

"मी तुला काही विचारणार नाही," त्या म्हणाल्या. "विचारलं तरी तू सांगणार नाहीस. बरोबर ना?"

"बरोबर."

"माझ्या गळ्याची शपथ घातली तरी?"

"तरी नाही, वहिनी."

त्यांनी मान हलवली. हे उत्तर त्यांना हवं होतं असं वाटलं. मग खुर्ची ओढून बसल्या. बसताना त्यांनी ओट्याचा आधार घेतला आणि मी तो पहिल्यांदा नीट पाहिला.

"रहमान सांगून गेला तेव्हा मी देवघरात जाऊन बसले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "यांना वाटलं मी दुःखाने रडतेय. सगळ्यांनाच वाटलं. मला बरं वाटलं होतं गं. इतकं बरं, की त्याचीच लाज वाटून रडू आलं. मी दमलेय, गौरी. दोन वर्षं झाली, पाय उचलत नाहीत. पण नवस बोललेला. देवासमोर बसून देवालाच कसं सांगू, की सुटले म्हणून?"

बाहेर चेतन सगळ्यांना पाणी देत होता आणि आसावरी कोणाला तरी पुण्याच्या तिकिटांचे भाव सांगत होती.

"आता ऐक," लतावहिनी म्हणाल्या. "ज्यांनी केलं, त्यांनी माझ्यासाठी केलं. मला कळलंय हे त्यांना कधी कळता कामा नये. कळलं तर ते देवापुढे आणि माझ्यापुढे, दोन्हीकडे मान खाली घालून बसतील. जन्मभर. आणि मी सुटले असं मला वाटलं, हेही कोणाला कळायला नको. लोक तुला बोलतील थोडे दिवस. मी थांबवेन, पण सगळं थांबणार नाही. चालेल तुला?"

"चालेल."

"मग शब्द दे. नाही सांगणार कोणाला."

त्यांचा उजवा हात सवयीने वर आला, माझा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवून घ्यायला. अर्ध्यावर थांबला. त्यांनी तो मांडीवर परत ठेवला.

"नको," त्या म्हणाल्या. "तू नुसतं हो म्हण."

मी हो म्हटलं.